गाडीत टेप बसवताना फ्यूजचा हिशेब

नांदेड, लोहा, कंधार, देगलूर, अहमदपूर, उदगीर, औसा या भागांत आठवडी बाजार करणाऱ्या आमच्या व्यापारी बांधवांचे निम्मे दुकान आता गाडीतच असते. पूर्वी एस.टी.च्या टपावर गाठोडी टाकून बाजार गाठावा लागे. २००५ साली टाटांची 'एस' ही छोटी मालगाडी आली, लोकांनी तिचे नाव 'छोटा हत्ती' ठेवले आणि फिरत्या व्यापाऱ्याची मोठी सोय झाली. आता साडी, लुंगी, टॉवेल, चादर, तयार कपडे, चप्पल, भांडी असा सगळा माल स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीतून फिरतो. गाडी आली की तिच्यात टेप बसतोच. आता त्यात कॅसेट जात नाही. रेडिओ असतो, पेन ड्राइव्ह लागतो, मोबाइल जोडता येतो. पण बाजारात त्याला अजून टेपच म्हणतात, म्हणून आम्हीही तोच शब्द वापरतो.

टेप ही चैनीची वस्तू आहे असे कोणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. नांदेडहून लातूरला जाताना लोहा, अहमदपूर, चाकूर असा लांबचा रस्ता आहे. पहाटे निघालेल्या माणसाला बातम्या, हवामान, पावसाचा अंदाज गाडीतच ऐकायला मिळाला तर त्याचा फायदा आहे. कापडवाल्याला तर पावसाची खबर सोन्यासारखी. तक्रार टेपबद्दल नाही. तो ज्या पद्धतीने बसवला जातो, त्याबद्दल आहे.

आम्ही कापडाचे व्यापारी. विजेचे काम हा आमचा धंदा नव्हे. पण गाडीत भरलेला माल कापडाचा असतो आणि कापड पेटायला ठिणगी पुरते. बहुतेकांचा हा माल उधारीचा असतो. सुरत, भिवंडी, इचलकरंजीच्या व्यापाऱ्याचे पैसे हंगाम संपल्यावर द्यायचे असतात. म्हणून जाणत्या कारागिरांजवळ बसून या कामातला हिशेब आम्ही समजून घेतला. तो व्यापाऱ्याने कारागिराकडून काय मागावे यासाठी आणि नव्या कारागिराने काय द्यावे यासाठी, असा दोघांच्याही उपयोगाचा आहे.

फ्यूज कोणासाठी असतो?

पुष्कळांचा समज असा की फ्यूज टेप वाचवण्यासाठी असतो. टेपच्या मागे एक छोटा फ्यूज दिलेलाच असतो, मग दुसरा कशाला, असे विचारले जाते. या समजातच सारा धोका आहे. टेपच्या मागचा फ्यूज टेपसाठी आहे. बॅटरीपासून टेपपर्यंत जी वायर येते तिला तो वाचवू शकत नाही, कारण तो तिच्या शेवटच्या टोकाला आहे. वायर मध्येच कुठे पत्र्याला घासून उघडी पडली तर वीज टेपपर्यंत पोहोचतच नाही. ती तिथूनच बॉडीत उतरते. त्या वेळी टेपमागचा फ्यूज शाबूत राहतो आणि वायर जळते.

किती जळते याचा हिशेब करू. समजा बॅटरीपासून टेपपर्यंत तीन मीटर वायर आहे आणि ती पाऊण चौरस मिलिमीटर जाडीची, म्हणजे बाजारात सर्रास मिळणारी बारीक वायर आहे. तांब्याच्या एवढ्या वायरचा विरोध सुमारे ०.०७ ओहम. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टची. बॅटरीचा आतला थोडा विरोध धरला तरी बॉडीला चिकटलेल्या या वायरमधून दीडशे अ‍ॅम्पिअरच्या आसपास वीज धावते. त्यातून वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता दीड हजार वॉट. घरातली कपड्यांची इस्त्री साधारण हजार वॉटची असते. म्हणजे इस्त्रीहून जास्त उष्णता एका सुतळीएवढ्या वायरमध्ये आणि ती वायर सीटच्या फोमखालून किंवा गाठोड्याशेजारून गेलेली! प्लास्टिकचे आवरण काही सेकंदांत वितळते. 'बारा व्होल्टने काय होते, हात लावला तरी झटका बसत नाही', असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा. माणसाला झटका न देणारी बॅटरी गाडीला आग मात्र लावू शकते.

यावरून पहिला नियम निघतो. फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळ असावा, टेपजवळचा पुरेसा नाही. फ्यूजच्या आधी जेवढी वायर असेल तेवढी बेवारस समजावी. अमेरिकेत होड्या आणि लहान बोटींच्या वायरिंगसाठी जे मानक आहे, त्यात हे अंतर साधारणपणे सात इंचांच्या आत ठेवायला सांगितले आहे. होडीला आग लागली तर पळायला जागा नसते, म्हणून तिथला नियम कडक. भरलेल्या मालगाडीलाही आपण तोच नियम लावला तर बिघडत नाही. सात इंच म्हणजे वीतभरही नाही.

वायर किती जाड?

दुसरा प्रश्न वायरच्या जाडीचा. कापडात जसा सुताचा नंबर पाहतो, तशी वायरची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये पाहावी. टेप हळू आवाजात चालतो तेव्हा एक-दोन अ‍ॅम्पिअर घेतो. चार स्पीकरवर पूर्ण आवाजात चालवला तर आठ-दहा अ‍ॅम्पिअरपर्यंत जातो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत वॉटचा आकडा छापलेला असतो, तो क्षणभराच्या जोराचा असतो, त्यावर जाऊ नये. टेपच्या मागे किती अ‍ॅम्पिअरचा फ्यूज आहे ते पाहावे. १० किंवा १५ असेल, तर टेपची कमाल भूक तेवढीच.

दहा अ‍ॅम्पिअर वीज जाऊन-येऊन सहा मीटर पाऊण चौरस मिलिमीटरच्या वायरमधून नेली, तर वाटेतच सुमारे १.४ व्होल्ट खर्ची पडतात. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घातली तर ही घट अर्ध्या व्होल्टच्याही आत राहते. बारीक वायरवर टेप मोठ्या आवाजात फाटका वाजतो, मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि गिऱ्हाईक म्हणते, टेप खराब निघाला. खराब टेप नसतो, वायर असते. गाडीसाठी बारीक तारांची, वळणारी तांब्याची वायर घ्यावी. घराच्या भिंतीतली एकाच जाड तारेची वायर गाडीच्या हादऱ्याने आतून तुटते. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायरही बाजारात येते. ती स्वस्त असते, पण तेवढ्याच जाडीत तांब्यापेक्षा जास्त तापते. शंका आली तर ब्लेडने तार खरवडून पाहावी, आत पांढरी निघाली तर दुकानदाराला परत करावी.

आता फ्यूजचा आकडा. तो वायरच्या ताकदीपेक्षा कमी आणि टेपच्या भुकेपेक्षा किंचित जास्त असावा. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरला १५ अ‍ॅम्पिअरचा फ्यूज योग्य. पात्याच्या फ्यूजवर आकडा असतोच, शिवाय रंगही ठरलेला आहे: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. पंधराचा उडाला म्हणून तिसाचा घालणे किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवणे म्हणजे तिजोरीचे कुलूप मोडून तिथे दोरी बांधण्यासारखे आहे. फ्यूज उडाला तर तो खबर देतो आहे. आधी खबर काय आहे ते शोधावे, मग फ्यूज बदलावा.

रंगांची भाषा

नव्या टेपच्या मागे तारांचा जुडगा पाहून नवा कारागीर गोंधळतो. बहुतेक टेपमध्ये रंग ठरावीक असतात. काळी तार मायनसची. पिवळी कायमच्या प्लसची; तिच्यामुळे घड्याळ आणि लावून ठेवलेली स्टेशने लक्षात राहतात, आणि बहुतेक टेपमध्ये मुख्य वीजही तिच्यातूनच येते. लाल तार चावीची. चावी फिरवली की टेपला चालू होण्याचा इशारा तिच्यातून मिळतो. निळ्यावर पांढरी रेघ असेल तर ती अँप्लिफायरला चालू करणारी. स्पीकरच्या जोड्या अशा: पांढरी पुढच्या डाव्याची, राखाडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची. प्रत्येकीबरोबर त्याच रंगाची पण काळी रेघ असलेली जोडीदार तार असते, ती त्या स्पीकरची मायनस. तरीही टेपवरचा कागद एकदा वाचावा. गाडीकडून येणाऱ्या तारांचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे. तिथे रंगावर विश्वास न ठेवता मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावूनच पाहावे.

घाईत पिवळी आणि लाल दोन्ही तारा एकत्र करून कायमच्या प्लसला जोडल्या जातात. टेप वाजतो, गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पण रात्री टेप बंद करायचा राहिला तर सकाळी गाडी उठत नाही. दोन्ही तारा चावीला जोडल्या तर प्रत्येक वेळी स्टेशन पुन्हा शोधावे लागते. दोन तारांची दोन कामे आहेत, ती वेगळीच ठेवावीत.

जुन्या कारागिरांसाठी एक खास सूचना. जुन्या काळच्या बऱ्याच टेपमध्ये स्पीकरची एक तार बॉडीला लावली तरी चालत असे, म्हणून तीच सवय हाताला आहे. आजच्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर सहा-सात व्होल्ट दाब असतो. त्यातली एक बॉडीला लावली किंवा दोन स्पीकरच्या मायनस तारा एकत्र केल्या, तर टेपची आय.सी. जळू शकते. प्रत्येक स्पीकरला स्वतःच्या दोन तारा न्याव्यात. एका जोडीवर चार ओहमचे दोन स्पीकर शेजारी-शेजारी जोडले तर भार दोन ओहमचा होतो, तोही बहुतेक टेपना सोसत नाही.

स्पीकरचे प्लस-मायनस उलटे झाले तर आग लागत नाही, पण आवाजातला जाडपणा निघून जातो, कारण एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. तपासायची युक्ती सोपी आहे. स्पीकर टेपपासून सोडवून त्याला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावावा. पडदा बाहेर आला तर सेलचा प्लस जिथे लागला ते टोक प्लस.

आवाज खरखरतो कशाने?

नांदेड आकाशवाणी एफ.एम.वर १०१.१ मेगाहर्ट्झला ऐकू येते. या लहरीची लांबी सुमारे तीन मीटर, आणि साध्या सळईचा एरियल तिच्या चौथ्या हिश्शाएवढा, म्हणजे ७४ सेंटिमीटरच्या आसपास असावा. साधारण अडीच फूट. याहून आखूड एरियल मिळतात, त्यांच्या बुडाशी किंवा आत तारेचे वेटोळे असते. सळई कापून आखूड करू नये. एरियलच्या बुडाचा धातू गाडीच्या पत्र्याला नीट टेकला पाहिजे, त्याखालचा रंग नखाएवढा खरवडावा लागतो. एवढे करूनही शहर मागे पडले की आवाज विरत जातो, कारण एफ.एम.च्या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यातच चालतात. लातूरच्या वाटेवर नांदेड ऐकू येईनासे झाले तर तो कारागिराचा दोष नाही.

इंजिनाचा वेग वाढला की स्पीकरमधली शिट्टीही चढत असेल तर ती आल्टरनेटरची. काळी तार रंगावर स्क्रू मारून लावलेली असते, हे त्याचे नेहमीचे कारण. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून, थिंबल लावून, बोल्टने ती आवळावी. टेप आणि अँप्लिफायर दोन्ही असतील तर त्यांचे मायनस एकाच ठिकाणी घ्यावेत, आणि विजेची वायर एका बाजूने व आवाजाची दुसऱ्या बाजूने न्यावी.

बोट आणि गाडी

कोकणातल्या मच्छीमार बोटींवरही टेप असतात, आणि तिथल्या कामावरून आपल्याला शिकता येते. बोट लाकडाची किंवा फायबरची, तिला लोखंडी बॉडी नाही. म्हणून मायनसची वायरही प्लसइतकीच जाड घेऊन थेट बॅटरीपर्यंत न्यावी लागते. खाऱ्या हवेने तांबे काळे पडते, म्हणून चांगल्या कामात कथिलाचा मुलामा दिलेली तार वापरतात. स्पीकरमधला लोहचुंबक होकायंत्राजवळ आला तर होकायंत्र चुकीची दिशा दाखवते, म्हणून स्पीकर त्यापासून दूर बसवतात.

आपल्याकडे खारे पाणी नाही, पण ऊन आहे. मे महिन्यात नांदेड-लातूरचा पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि बंद केबिनमध्ये त्याहून कितीतरी जास्त. तारा पिळून वर काळी टेपपट्टी गुंडाळली तर तिचा डिंक एका उन्हाळ्यात पातळ होतो, पट्टी सुटते आणि जोड उघडा पडतो. त्यावर आपले रस्ते! म्हणून जोड चिमट्याने दाबून पक्का करावा आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. वायर पत्र्यातून पार करताना भोकात रबरी बूच घालावे, आणि दर वीतभर अंतरावर वायर बांधावी. लोंबती वायर आज ना उद्या घासतेच.

बॅटरीचा जमाखर्च

बाजारात गाडी दिवसभर उभी असते आणि टेप चालू असतो. समजा बॅटरी ४० अ‍ॅम्पिअर-अवरची आहे. दोन अ‍ॅम्पिअरने आठ तास टेप चालला की १६ खर्च झाले. भोंगा आणि अँप्लिफायर लावला आणि पाच अ‍ॅम्पिअर जाऊ लागले, तर आठ तासांत पूर्ण ४०. जमा काहीच नाही, कारण इंजिन बंद आहे. गाडीची बॅटरी क्षणभर जोर लावून इंजिन उठवण्यासाठी बनवलेली असते. ती वारंवार तळापर्यंत रिकामी केली तर लवकर मरते. इंजिन बंद ठेवून काही वेळाने मीटर लावावा: १२.६ म्हणजे भरलेली, १२ च्या आसपास आली की टेप बंद करावा. रोजच भोंगा लावायचा असेल तर वेगळी बॅटरी ठेवावी. ती घट्ट बांधलेली आणि हवेशीर जागी असावी, गाठोड्यांमध्ये नको, कारण चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो.

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तिथे १२ व्होल्टचा टेप एकाच बॅटरीवरून जोडतात. त्याने एक बॅटरी सतत उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही वाया जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर घालणे हाच सरळ मार्ग.

भोंग्याबद्दल कायदाही ध्यानात ठेवावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो लावता येत नाही, आणि शांतता क्षेत्र म्हणून ठरलेल्या इस्पितळ, शाळा व न्यायालयांच्या परिसरात तर नाहीच. माळेगावच्या यात्रेत असो की कंधारच्या उर्सात, परवानगीचा कागद गाडीत असू द्यावा. विम्याबद्दलही एक गोष्ट. गाडीचा विमा गाडीपुरता असतो, आत भरलेल्या आपल्या मालाला तो लागू होत नाही. वरून बसवलेला टेपही वेगळा नोंदवावा लागतो.

कारागीर आणि गिऱ्हाईक

आमचे कारागीर बांधव म्हणतील, गिऱ्हाईक पैसे देत नाही, मग जाड वायर कोठून घालायची? हे खरे आहे. हजारोंचा टेप घेणारा माणूस मजुरीत पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. पण फ्यूजचा होल्डर, दोन थिंबल, रबरी बूच आणि तीन मीटर चांगली वायर यांचा खर्च गाडीतल्या एका साडीच्या गाठोड्यापुढे काहीच नाही. कारागिराने हे सामान गिऱ्हाईकासमोर ठेवून सांगावे आणि बिलात वेगळे लिहावे. ज्याला समजेल तो देईल, आणि पुढचे गिऱ्हाईकही घेऊन येईल. काम सुरू करताना हातातली अंगठी, लोखंडी पट्ट्याचे घड्याळ काढावे. बॅटरीची मायनस आधी सोडावी आणि सर्वांत शेवटी जोडावी. प्लस आधी सोडायला गेले आणि पाना बॉडीला टेकला तर तिथेच ठिणगी उडते.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी व्यापाऱ्याने एक परीक्षा जरूर घ्यावी. टेप चालू करावा आणि बॅटरीजवळचा फ्यूज उपटायला सांगावा. टेप आणि त्याचे घड्याळ दोन्ही विझले पाहिजेत. अँप्लिफायर असेल तर त्याचाही फ्यूज बॅटरीजवळ असावा आणि तो काढताच अँप्लिफायर बंद पडावा. फ्यूज काढूनही काही चालू राहिले, तर एखादी वायर फ्यूजला वळसा घालून आली आहे. ती कोठून आली हे सापडेपर्यंत गाडीत माल भरू नये.